हरळी आणि सात करंज

आबा,

एक गोष्ट आपल्या भागातल्या प्रत्येक माणसाने पाहिलेली असते, पण तिच्यापाशी फारसं कुणी थांबत नाही. उसाच्या रानातून जी हरळी खणून, जाळून, औषध मारूनही जात नाही, तीच हरळी बागेत खत घालून, रोज पाणी देऊन, भोवती तार ओढून आणि 'गवतावर चालू नये' अशी पाटी लावूनही टिकत नाही. जो तिच्या जिवावर उठतो त्याच्याकडे ती फोफावते आणि जो तिला जपतो त्याच्या हातात मरते. गवत तेच, कालवा तोच, ऊनही बहुतेक तेच. मग असं का व्हावं? इंदापूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते तेव्हा दरवर्षी पहिल्या तासाला हा प्रश्न मी फळ्यावर लिहीत असे. शेतकऱ्यांची मुलं हसायची, मग एकेक जण उत्तर शोधू लागायचा, आणि मला अतोनात आनंद व्हायचा. उत्तर मला येत होतं. पुस्तकात ते नंतर भेटलं, आधी ते तुम्ही दिलं होतं. आज तुम्हाला लिहायला बसले आहे ते एवढ्यासाठी की उत्तर येत असूनही माझ्या हातून चूक झाली.

क्रमाने सांगते. यातलं बरंचसं तुम्हाला ठाऊक आहे, किंबहुना तुम्हीच ते केलेलं आहे. पण क्रम लावल्याशिवाय मला विचार करता येत नाही. बारामतीच्या ज्या बागेत तुम्ही उभं आयुष्य माळी म्हणून काढलंत, तिथे एके काळी गोल्फचं मैदान होतं, हे आज तिथे फिरायला येणाऱ्यांना माहीत नाही. सांगितलं तर हसतात. मागच्या आठवड्यात एका बाकावर बसलेल्या गृहस्थांना मी म्हटलं, "तुम्ही बसला आहात ना, तिथून सहाव्या गलीकडे, त्या खळग्याकडे, चेंडू मारायचे." त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. म्हणाले, "गोल्फ? आपल्या बारामतीत? मावशी, ते टीव्हीवर असतंय."

मूळ मैदान कालवा खात्याच्या गोऱ्या साहेबांचं. कालव्याच्या वरच्या अंगाला त्यांचा बंगला होता आणि बंगल्याखालचा माळ त्यांनी खेळायला घेतला होता. गंमत अशी की साऱ्या तालुक्याचं पाणी ज्यांच्या हुकमाने सुटायचं, त्यांच्या मैदानावर हिरवं गवत नव्हतं. चेंडू शेवटी हलकेच ढकलून जिथे गलीत घालायचा, तो वाटोळा सपाट भाग ते वाळूचा करीत. वाळूत जळकं तेल कालवत आणि वरून रूळ फिरवत. तुम्ही लहानपणी ती वाळू पाहिली होती. काळी, गुळगुळीत, उन्हात वास मारणारी. साहेब गेले, बंगला ओस पडला, माळावर गुरं चरू लागली. पुढे गावाने तिथे बाग करायची ठरवली, तेव्हा बागेचं काम ज्या इंजिनीअरसाहेबांकडे आलं त्यांना या खेळाचं वेड होतं. त्यांनी हट्टाने नऊच्या नऊ गली राखल्या, मात्र एका अटीवर. दारावर तिकीट काढेल तो खेळेल, मग तो कुणी का असेना. काठ्या बागेच्या कपाटात असत. हायस्कूलचे चित्रकलेचे मास्तर यायचे, एक डॉक्टर यायचे, साखर कारखान्यातले एक केमिस्ट यायचे, आणि दोन आडते यायचे, जे खेळायचे थोडे आणि भांडायचे फार. एवढ्या लहान गावात, एवढ्या साध्या माणसांसाठी असं मैदान असणं ही केवढी विलक्षण गोष्ट होती, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटायचं, प्रत्येक गावात असतंच.

इंजिनीअरसाहेबांना वाळू नको होती, गवत हवं होतं. त्यांनी पुण्याहून बी मागवलं. ते उगवलं, पिवळं पडलं आणि गेलं. पुन्हा मागवलं, पुन्हा गेलं. तिसऱ्या वेळी तुम्ही कुदळ घेऊन एक वर्तुळ खणलंत आणि साहेबांना आतली माती दाखवलीत. वर तेलाने माखलेली वाळू, खाली काळी चिकण माती. पाणी खाली उतरायला जागाच नव्हती; मुळं साचलेल्या पाण्यात गुदमरत होती. मग तुम्ही ती सगळी वर्तुळं हातभर खणून काढलीत. तळाला विटांचे तुकडे, त्यावर मुरूम, त्यावर कऱ्हेची वाळू आणि सगळ्यात वर चाळलेली पोयट्याची माती. साहेबांनी त्या वर्तुळाचं इंग्रजी नाव तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "साहेब, हे ताट हाय. वाटोळं, सपाट, आन् कडंला जरा उचललेलं." तेव्हापासून बागेत सगळेच त्याला ताट म्हणू लागले. साहेबसुद्धा.

आणि त्या ताटांत वाढायला तुम्ही आणलीत हरळी. सणसरच्या काकांच्या उसाच्या रानातून, सहा पोती. तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. रविवारची सकाळ आहे. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे. पोती उन्हात सुकू नयेत म्हणून तुम्ही ती थेट स्वयंपाकघरात आणून ओतली आहेत, आणि काका उंबऱ्यात उभे राहून हसताहेत.

"अवो, लोकं रानातनं भाजी आणत्यात," आई म्हणते, "तुमी तण आणलंय?"

"वैनी, भाजीच करा की त्याची," काका म्हणतात. "माझ्या रानातली हाय, लई ताजी हाय. आमी जल्मभर हरळी खणून मेलो, आन् ह्यो आमचा दादा पगार घिऊन हरळी लावतोय! दादा, अजून पायजे का? सगळी न्हे. बैलगाडी दितो, बैलंबी दितो."

तुम्ही हसत नाही. तुम्ही माझ्यासमोर एक काडी धरता. "पेरं मोज," म्हणता. "तीन पेराची काडी ठिवायची. दोन पेरं मातीत, एक वर. ऊस लावतो तसंच." मी फरशीवर बसून दुपारपर्यंत काड्या निवडते. प्रत्येक पेराशी एक बारीक, टोकदार डोळा आहे, उसाच्या डोळ्यासारखाच, फक्त मोहरीएवढा. माझ्या आयुष्यातला वनस्पतिशास्त्राचा पहिला तास तो. ऊस हेही एक गवतच आहे, हे मला कॉलेजात जायच्या कितीतरी आधी आईच्या चुलीपाशी कळलं.

काकांचं हसू फार टिकलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यांच्या ज्या पट्ट्यातून आपण हरळी खणून आणली होती, तोच पट्टा हरळीने गच्च भरला. ते सायकलवरून तणतणत बागेत आले. "दादा, उपटून न्हेतो म्हणालास ना रं? आन् हे काय केलंस? माझं रान हिरवंगार झालंय!" तुम्ही खाली मान घालून गवत कापायच्या यंत्राला तेल देत होतात. म्हणालात, "मी न्हाय केलं. कुदळीनं केलंय." काकांना ते उर्मट वाटलं. पण ते अक्षरशः खरं होतं, आणि पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही तेच आहे. हरळीची एक काडी जमिनीवरून धावते आणि दुसरी जमिनीखालून. कुदळ किंवा नांगर त्या खालच्या काडीचे तुकडे करतो. ज्या तुकड्यावर एक जरी पेर राहिलं, त्याचं नवं रोप होतं. ज्या माणसाने हयातभर उसाचं बेणं तोडून लावलं, त्याला आपण हरळीचंही बेणंच तोडतो आहोत हे कधी दिसलं नाही. काका तुमच्याशी पुढे कितीतरी वर्षं धड बोलले नाहीत. मी वर्गात हा किस्सा सांगायचे तेव्हा मुलं पोट धरून हसायची. तुम्ही मात्र त्यावर कधी हसला नाहीत.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग तुमच्या रोजच्या कामात होता. पहाट सरून दिसू लागलं की तुम्ही लांब वेळूची काठी घेऊन ताटावर उभे राहायचात आणि ती जमिनीलगत अर्धवर्तुळात फिरवायचात. दवाचे थेंब उडायचे आणि काठी जिथून गेली तिथे गवताचा रंग गडद व्हायचा. कालव्यावरून जाणारी माणसं थांबून म्हणायची, "गवताचं तोंड धुताय व्हय, आबा? दात बी घासा की त्याचं!" तुम्ही काठी फिरवत राहायचात. मला एकटीला सांगायचात की पाणी पानावर बसून राहिलं तर बुरशी धरते. रात्रीचं पाणी सकाळी उठवून द्यायचं. मग हाताने ढकलायचं कापणीयंत्र. मग खिशातली काडीपेटी. ती तुम्ही गवतात आडवी ठेवायचात आणि पोटावर पडून, गाल जमिनीला टेकवून बघायचात. गवत पेटीच्या निम्म्याच्या वर येता कामा नये. तुमच्या एका गालावर बारा महिने मातीचा हलका डाग असे. शाळेत मला त्याची लाज वाटायची. आता त्या डागाचं शास्त्र मी कुणालाही तासभर समजावून सांगेन. हरळीला सारखं कापलं की ती वर जाण्याऐवजी आडवी पसरते, पेरापेराशी मुळं धरते, आणि जमीन अशी विणून टाकते की वरून चेंडू चटईवरून गेल्यासारखा जातो. तिला कोयता चालतो, पाय चालतात, दुष्काळही चालतो. एक गोष्ट मात्र तिला अजिबात चालत नाही.

ती गोष्ट तुम्ही मला ज्या दिवशी सांगितलीत, तो दिवस मी बरीच वर्षं विसरल्यासारखं केलं. पण त्याआधी भिंगाचं सांगते, कारण ते आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. मला दहावीला शास्त्रात चांगले मार्क पडले होते. तुम्ही निमगाव केतकीच्या बाजाराला गेला होतात आणि येताना एका म्हाताऱ्या घड्याळजीकडून, डोळ्याच्या खोबणीत बसवायचं त्याचं जुनं भिंग घेऊन आलात. काळ्या कडेचं, एका बाजूला टवका उडालेलं. "त्याला आता दिसत न्हाय," तुम्ही म्हणालात. "तुला दिसंल." एवढंच. दोघं मिळून पहिल्यांदा आपण हरळीचं पेर पाहिलं. तुम्ही बराच वेळ भिंग डोळ्याला धरून बसलात, आणि मग म्हणालात, "मी एवढी वर्सं गालानं बघत व्हतो."

आता तो दिवस. मी कॉलेजात होते, सुट्टीला आले होते. चैत्र संपत आला होता. तुम्ही दुपारी नवव्या ताटाच्या कडेला उन्हातच भाकरी खात बसायचात, कारण तिथून सगळं मैदान दिसायचं. मला ते बघवेना. मी रोपवाटिकेतून कडुनिंबाचं एक रोप आणलं आणि ताटाच्या दक्षिणेला, तुमच्या बसायच्या जागेजवळ लावलं. आळं केलं, पाणी घातलं. तुम्ही आलात, पाहिलंत आणि ते मुळासकट उपटलंत. आयुष्यात तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात तो तेवढाच.

"सावली कुणाला करतीस? मला?"

"तुम्हालाच. दुसऱ्या कुणाला?"

"माझ्या डोक्याला टोपी हाय," तुम्ही म्हणालात. "ह्याला ऊन पायजे. समदं मरण ह्याला सोसतं, सावली सोसत न्हाय. शिकतीस ना तितं? मग शिकवत न्हाईत व्हय हे?"

शिकवत होते, आबा. पुढच्याच वर्षी शिकवलं आणि पुढे मीही शिकवलं. हरळी कडक उन्हात अन्न करते. सावलीत तिचं भागत नाही. मग ती प्रकाश शोधायला उंच, लांबट, फिकी होते, आणि त्या उंचीसाठी लागणारं सारं जमिनीखालच्या काडीतल्या साठ्यातून ओढून घेते. वरून ती काही दिवस हिरवी दिसते. लोकांना वाटतं तरारली. प्रत्यक्षात ती शिल्लक खात असते. मी हे वाक्य वर्गात किती वेळा, किती उत्साहाने म्हटलं असेल! पण त्या दिवशी मला एवढंच दिसलं की मी मायेने लावलेलं रोप तुम्ही उपटून कालव्यात फेकलंत. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही.

मैदान एकदम गेलं नाही. ते ताटाताटाने गेलं. पहिली तीन ताटं पाण्याच्या टाकीखाली गेली. एक रस्ता रुंद करताना गेलं. दोन मुलांच्या घसरगुंड्यांखाली गेली, एकावर सभागृह आलं, एकावर कारंजं, जे उद्घाटनाच्या दिवशी उडालं आणि नंतर क्वचितच. इंजिनीअरसाहेब केव्हाच बदलून गेले होते. काठ्यांच्या कपाटात झाडू ठेवू लागले. शेवटी तुमच्याजवळ नववं ताट तेवढं उरलं. त्यावर कुणी खेळत नव्हतं, पण सेवेतून मोकळे झाल्यावरही तुम्ही काठी घेऊन रोज जायचात. नव्या माळ्यांना वाटायचं, म्हातारं सवयीनं येतंय. तुम्ही गेलात तेव्हा सणसरचे काका आले होते. तिसऱ्या दिवशी सावडून परतताना ते मला म्हणाले, "चल, ते गवत दाव." नवव्या ताटापाशी ते चपला काढून उभे राहिले. पायाच्या बोटांनी त्यांनी गवत चाचपलं. "माझ्या रानातली हाय ही," म्हणाले. "माझ्याकडं चोरावानी ऱ्हाती. हितं बघ कशी नवरीवानी बसलीय."

तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली तेव्हा मला तुमच्यासाठी काहीतरी करायचं होतं. तुम्ही जन्मभर उन्हात उभे राहिलात, हा एकच विचार माझ्या मनात होता, आणि तो इतका मोठा झाला होता की त्याच्या पलीकडचं काही दिसेना. मी परवानगी काढली आणि नवव्या ताटाभोवती सात करंज लावले. मुद्दाम करंज, कारण त्याची सावली दाट आणि थंड. चार दक्षिणेला, तीन पश्चिमेला, कारण उन्हाचा त्रास तिकडूनच. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि दक्षिणेच्या झाडांची सावली दिवसभर ताटावरून फिरते, हे मी शिकवत होते, आबा, नेमकं हेच. त्या दिवशी भाषण झालं. मी म्हणाले, "माझ्या वडिलांना आता तरी सावली मिळू दे." लोकांचे डोळे पाणावले. झाडांजवळ तुमच्या नावाची संगमरवरी पाटी बसली. ते उपटलेलं रोप मला आठवलं नाही असं मी इतके दिवस सांगत आले. आठवलं होतं. हातात कुदळ असतानाच आठवलं होतं. मला वाटलं, आता उपटायला कोण येणार?

करंज छान वाढले. मागच्या आठवड्यात उद्यान विभागाच्या एका तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. मुलगी सुप्याची आहे, कामसू आहे. मी बागेत गेले. तिने मला नववं ताट दाखवलं. उघडी, भुरी माती. कडेला थोडी लांबट, फिकी पाती. मध्ये सुकलेल्या काड्यांची जाळी.

"मॅडम, तीनदा लॉन आणून टाकलं," ती म्हणाली. "पुण्यावरनं गुंडाळ्या आणल्या. दोन म्हयनं ऱ्हातं आन् जातं. आता वरनं ठरलंय, हितं ओपन जिम करायची, खाली ब्लॉक टाकायचे. तुमी फकस्त लिहून द्या की जमीन नापीक झालीय, म्हंजे विषय मिटला. गवत कुणामुळं गेलं, कुणामुळं न्हाय, ती चौकशीच नको."

मी खड्डा घेतला, कोपरापर्यंत. तांब्याभर पाणी ओतलं आणि आकडे मोजू लागले. शंभर व्हायच्या आत पाणी उतरलं. शेजारी, ताटाच्या बाहेर, तसाच खड्डा घेतला. तिथलं पाणी आमचा चहा होईपर्यंत हललं नाही. विटा, मुरूम, वाळू, पोयटा. तुमचं काम जसंच्या तसं आहे. मला क्षणभर इतका आनंद झाला की मी त्या मुलीला हाताला धरून सगळे थर दाखवले, पाणी एका थरातून दुसऱ्यात कसं जातं ते मातीवर काटकीने काढून दाखवलं. ती मन लावून ऐकत होती. मग तिने वर पाहिलं. वर आभाळ दिसत नव्हतं. हळूच म्हणाली, "मॅडम, सावलीमुळं तर न्हाय ना हो?"

मी म्हणाले, "अभ्यास करून सांगते."

झाडांखाली भाजी विकायला आलेल्या दोघीतिघी टोपल्या उतरवून बसल्या होत्या. त्यांतली एक मला सरकून जागा देत म्हणाली, "बसा बाई. ज्यानं ही झाडं लावली ना, त्याचं देव भलं करू. हितं टेकलं की जीव गार व्हतो." मी बसले. मी लावली, असं म्हणाले नाही. पाटीवर तुमचं नाव आहे. लोक तुम्हालाच दुवा देतात. ज्या सावलीला तुम्ही एकदा हाताने उपटलं होतं, तिच्याबद्दल.

टेबलावर दोन कागद लिहून ठेवले आहेत. एकात लिहिलं आहे की जमिनीचा कस गेला आहे आणि तिथे गवत येणं शक्य नाही. ते खोटं आहे. दुसऱ्यात लिहिलं आहे की जमीन उत्तम आहे, गवत सावलीने गेलं आहे, झाडं मी लावली आहेत, गवत मारण्यासाठी नसली तरी माहीत असून लावली आहेत, आणि ताट वाचवायचं असेल तर दक्षिणेचे चार करंज काढावे लागतील. उद्या सकाळी यांतला एक द्यायचा आहे. पहिला दिला तर तुमच्या हातचं शेवटचं ताट ब्लॉकखाली जाईल आणि कुणी मला काही विचारणार नाही. दुसरा दिला तर त्या बायकांच्या डोक्यावरचं छत जाईल, तुमच्या नावाच्या पाटीवर ऊन येईल, आणि वाचणार काय, तर एक वाटोळं गवत, ज्यावर आता कुणी खेळत नाही.

तिसरा कागद हा. हॉस्टेलवरून मी पत्र पाठवायचे ते दवाखान्यातले कंपाउंडर तुम्हाला वाचून दाखवायचे, आणि आवडलेलं वाक्य तुम्ही पुन्हा वाचायला लावायचात. यातलं एकही वाक्य मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुम्हाला ऐकवायचं नाही. म्हणून हे इथेच राहील, भिंगाच्या डबीखाली.

निर्णयाआधी एक गोष्ट पाहायची राहिली होती: ताटात वाचवायला काही जिवंत उरलं आहे की नाही. ती कुणालाही, कुठल्याही बागेत, मेलेल्या दिसणाऱ्या कुठल्याही हरळीवर करून पाहता येईल. त्याला माझ्यासारखी पदवी लागत नाही. वरच्या पानांकडे पाहू नये, ती फसवतात. जमिनीत बोट घालून खालची एक काडी ओढून काढावी, धुवू नये, आणि पेराजवळची साल नखाने खरवडावी. आत तपकिरी, कोरडं, पोकळ निघालं तर ती गेली. आत पांढरं आणि किंचित दमट निघालं तर ती जिवंत आहे, आणि ऊन मिळालं तर फुटेल. आज बागेतून येताना मी ताटाच्या कडेपासून आत पाच काड्या घेतल्या होत्या. कडेच्या दोन पांढऱ्या निघाल्या. त्यांच्या आतल्या दोन तपकिरी. पाचवी अगदी मधली, जिथे गल होती तिथली, करंजांच्या सर्वांत दाट सावलीतली. आत्ताच तिला नख लावलं. भिंग डोळ्याला लावून दोनदा पाहिलं.

पांढरी आहे, आबा. आणि नख लावताना मला वाटत होतं की ती तपकिरी निघावी.